ताईचा हात पडत नाही

धुलाईच्या कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. मालक म्हणे, मालकाचे म्हातारे वडील म्हणत, आणि तिच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी असलेली इस्त्रीवाली मावशीसुद्धा तिला ताईच म्हणे. त्याला कारण होती तिची सख्खी धाकटी बहीण. ती त्याच कारखान्यात, त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी असे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचं "ताई, अगं ताई, ऐकलंस का ताई" चालू असे. ऐकून ऐकून ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. धाकटीलाही मग सगळे धाकटीच म्हणू लागले, ती तिशी ओलांडून गेली तरी.

दोघींचं काम चादरींच्या घड्या घालण्याचं. इस्पितळांच्या, लॉजच्या, वसतिगृहांच्या चादरी ढिगानं येत. मोठ्या चादरीची घडी एकटीचं काम नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरकायचं, चादर ताणायची आणि दोघींनी एकाच वेळी एक झटका द्यायचा. सुरकुत्या पळतात. मग चार पावलं पुढे यायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा आणि पुन्हा मागे. बाहेरून आलेल्याला वाटावं, या दोघी नाचतायत की भांडतायत. खरं तर त्या तेव्हा आदल्या दिवशीच्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालत असत.

आता एवढं सुरळीत चाललेलं असताना या बाईला भीती कसली होती? हाताची होती. स्वतःच्या उजव्या हाताची.

त्यांचे वडील, अण्णा, बस चालवत. मोठ्या गाडीचं जड चाक फिरवणारा माणूस. एका सकाळी त्यांना घराच्या कुलपात किल्ली फिरवता येईना. अण्णा हसले, कुलूप गंजलंय म्हणाले, तेलाचे थेंब सोडले. कुलूप चांगलं ठणठणीत होतं. मग हातातून कप सुटू लागला. अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरत गेलं. मग दुसरा हात गेला, मग पाय गेले, आणि शेवटी घास गिळता येईना. अण्णांची आत्याही अशीच गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, हा आजार काही घरांत खाली उतरतो. कुणाला होतो, कुणाला होत नाही. औषध मात्र नाही.

त्यातलं ते "कुणाला" घरानं परस्पर ठरवून टाकलं. ताई म्हणजे अण्णांची हुबेहूब छबी. तीच लांब बोटं, तेच नाक, चालताना तोच डावा खांदा खाली. शिंकही तशीच, शेजारचं तान्हं उठवणारी. धाकटी आईवर गेलेली, गोल, गुटगुटीत, गालावर खळी. उघड कुणी काही बोललं नाही, पण आई जिवंत होती तोवर ताईनं कप उचलला की आईची नजर त्या कपावर जाई. मामा यायचा तो ताईशी जरा जास्तच मायेनं बोलायचा. धाकटीला दोनदा चांगली स्थळं सांगून आली, दोन्ही तिनं परतवली. "ताई पडली की तिला कोण बघणार? भाऊजींना साधी भाजी चिरता येत नाही," असं ती हसत म्हणायची. जणू ताईचं पडणं ही ठरलेली तारीखच होती, फक्त कॅलेंडरात छापायची राहिली होती. ताई हे सगळं ऐकायची. अशा घरात माणूस घाबरणार नाही तर काय करणार?

एके दिवशी साखरेच्या डब्याचं झाकण निघेना.

ताईनं डबा खाली ठेवला. ओट्याला टेकून उभी राहिली. नवरा आला, त्यानंही झाकणाशी बरीच झटापट केली, शेवटी उलथन्यानं ते उचकटलं आणि म्हणाला, "अगं, तिरकं बसलं होतं." पण ताईच्या मनातून ते गेलं नाही. त्या दिवसापासून तिचा सगळा दिवस हाताच्या मागे लागला. नळ घट्ट बंद होतो का, पिशवी धरवते का, सुईत दोरा ओवताना बोट थरथरतं का. पापणी फडफडली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी थकवा आला की त्यालाही आजाराच्या खात्यात टाकायची.

दवाखान्यात जायचं नाव काढलं की ती अंगावर यायची. "जाऊन काय करू? औषध आहे का? नाही ना? मग नुसतं कळून काय लोणचं घालायचंय?" आणि न कळलेलंही सोसवत नव्हतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

त्यातून वाट काढली गल्लीतल्या व्यायामवाल्या बाईंनी. या बाई सकाळी हॉलमध्ये बायकांना हातपाय हलवायला शिकवत आणि येताजाता सल्ले देत. त्यांनी ताईला एक चाचणी शिकवली. खांद्याच्या रेषेत हात बाजूला सरळ धरायचा. दुसऱ्या माणसानं मनगटावर दाबायचं. हात पडला तर ताकद कमी, टिकला तर ताकद आहे. सोबत त्यांनी एक करड्या रंगाची पावडर दिली, रोज चमचाभर पाण्यातून. "स्नायू उभे राहतात हिनं," बाई म्हणाल्या, आणि स्वतःचा दंड फुगवून दाखवला.

मग दर रविवारी सकाळी ताईच्या घरी हा कार्यक्रम सुरू झाला. दाबायला अर्थातच धाकटी. दुसऱ्या कुणाच्या हाती ताई आपलं नशीब देणार होती? पहिल्या रविवारी हात पडला. पुढच्या रविवारीही पडला. ताई त्या दोन्ही दिवशी जेवली नाही. मग हळूहळू हात पडायला वेळ लागू लागला. मग नुसता थरथरून सावरू लागला. आणि एका रविवारी धाकटीनं ओठ दाबून, टाचा उचलून, सगळा जोर त्या मनगटावर लावला, तरी हात जागचा हलला नाही.

"ताई! अगं पडत नाहीये!" धाकटी ओरडली आणि तिनं बहिणीच्या गळ्यात हात टाकले. दोघी रडल्या. मग शिरा केला.

कारखान्यातही फरक दिसायला लागला. चादरीला झटका दिला की धाकटीच्या हातातला कोपरा सुटून जाई आणि चादर ताईकडे उडत येई. "किती जोरात ओढतेस गं! राक्षसीण झालीयेस नुसती," धाकटी म्हणायची आणि वाकून कोपरा उचलायची. इस्त्रीवाली मावशी म्हणायची, "ताई, ती पावडर मलाही आण." ताईला इतकं बरं वाटे की पुढच्या चादरीला ती मुद्दाम जरा जास्त जोर लावी. कोपरा पुन्हा सुटे, पुन्हा हशा होई.

या सगळ्या आनंदात एकच माणूस सामील नव्हता, तो म्हणजे ताईचा नवरा. तो कापडाच्या गोदामात गाठी तोलायचा. टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्याला गाठ अडकवायची, काटा थांबेपर्यंत थांबायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, हे त्याचं आयुष्य. घरात मात्र त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दात काढल्यासारखं. तो बरेच रविवार कोपऱ्यात बसून बघत राहिला आणि एकदा म्हणाला, "पडत नाही हे दिसतंय. पण का पडत नाही?"

"पावडरीनं," दोघी एकदम म्हणाल्या.

"तुला माहितीये तू पावडर घेतेस. हिलाही माहितीये. दोघींनाही हात वरच राहायला हवाय. मग तो वर राहणारच की. गिऱ्हाइकाचं तोंड बघून गाठ तोलली तर मीही हवं ते वजन काढून दाखवेन."

ताईच्या जिवाचं पाणी झालं. सगळ्या सुखावर या बाबानं एका वाक्यात बोळा फिरवला होता. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "मग काय करायचं म्हणता?"

नवऱ्यानं दोन सारखे डबे आणले. एकात पावडर भरली, दुसऱ्यात तशाच रंगाचं भाजलेलं पीठ. दोन्हीत जिरेपूड घातली, म्हणजे वासावरून, चवीवरून ओळख पटायला नको. कुठल्या डब्यात काय ते त्यानं फक्त स्वतःजवळ ठेवलं. आधी एक डबा संपवायचा, मग दुसरा. चाचणी एकाच वेळी, उठल्या उठल्या, कारण संध्याकाळी घड्या घालून दमलेला हात वेगळा आणि सकाळचा वेगळा. दाबताना कुणी "धर, धर" म्हणायचं नाही, चेहरा करायचा नाही. तो स्वतःही त्या वेळी पाठ फिरवून उभा राही. "माझ्या तोंडावरून ओळखाल," तो म्हणाला. ज्या तोंडावर लग्नातसुद्धा काही दिसलं नव्हतं, त्याची एवढी काळजी. धाकटी हसून हसून बेजार झाली.

दोन्ही डबे संपले. दोन्ही डब्यांवर हात पडला नाही. उलट शेवटी शेवटी तर भिंतीसारखा राहिला.

"पहिल्यात पीठ होतं," नवरा म्हणाला.

धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे पोळ्या खाऊनच पैलवान झाली म्हणायची!" ती जमिनीवर बसून हसत राहिली. ताई हसली नाही. पावडरीत काही नव्हतं, व्यायामवाल्या बाईंच्या दंडातही काही नव्हतं. मग हात कशानं वर राहत होता? एकच उत्तर उरत होतं आणि ते तिला दिसत होतं. धाकटी दाबतच नव्हती. बहिणीच्या मायेपोटी, तिचं तोंड उतरू नये म्हणून, आठवड्यामागून आठवडे नाटक करत होती. टाचा उचलणं, ओठ दाबणं, सगळं खोटं. आणि त्या खोट्याच्या आड ताईचा हात अण्णांच्या हाताच्या वाटेनं निघाला होता, कुणाला न कळता.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चादर ताणताना तिनं विचारलंच. "तू खरं दाबतेस का गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला बरं वाटावं म्हणून हळू दाबतेस ना?"

"आईशप्पथ ताई, जीव खाऊन दाबते. नंतर दोन दिवस खांदा उचलत नाही माझा."

"माझ्याकडे बघून सांग."

धाकटीनं बघितलं. तिचे डोळे भरले. ताईनं ते बघितलं आणि तिला वाटलं, पकडली गेली म्हणून रडतेय. पुढचा सबंध आठवडा ताई भीतीनं पार वाळून गेली. घास उतरेना. घास उतरत नाही म्हणून आणखी घाबरली, कारण अण्णांचंही शेवटी तसंच झालं होतं. नवऱ्यानं बघितलं आणि शनिवारी गोदामातला छोटा काटा मालकाला विचारून घरी आणला.

रविवारी सकाळी त्यानं सगळं मांडलं. ताईनं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, म्हणजे अंग झुकवून फसवता येणार नाही. मनगटाला रुंद पट्टा, पट्ट्याला काटा, काट्याच्या खालच्या कडीला धरून धाकटीनं सरळ खाली ओढायचं. दोघींच्या डोळ्यांवर पट्टी. काटा फक्त तो वाचणार आणि शेवटपर्यंत बोलणार नाही. "आता माया नको, धाक नको," तो म्हणाला. "जो जितकं ओढेल तितकं काटा सांगेल."

पट्टीआडच्या अंधारात तिला अण्णांचं ते कुलूप दिसत होतं. मनगटावर ओढ आली. ती घट्ट राहिली. ओढ वाढली, थरथरली, धाकटीचा हुंकार ऐकू आला. हात पडला नाही. पुन्हा केलं. पडला नाही.

नवऱ्यानं धाकटीच्या हातातली कडी घेतली आणि स्वतः ओढली, हळूहळू, वाढवत. बराच वेळ ताईचा हात टिकला आणि मग खाली आला.

"पट्ट्या काढा," तो म्हणाला. "तुझा हात ठणठणीत आहे. आमच्या एखाद्या हमालाला लाजवेल. मला हात पाडायला जेवढं लागलं, त्याच्या पाव हिस्साही धाकटीनं ओढलं नाही."

ताईला पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुसरं मात्र कानात शिसं ओतल्यासारखं शिरलं. ती धाकटीकडे वळली. "बघ! मी म्हणत नव्हते? इतके दिवस खेळ मांडलास माझा! मी इथे रोज मरतेय आणि तू नाटकं करतेस?"

"ताई, मी सगळा जोर लावला गं! आता काय रक्त काढून दाखवू?" धाकटी लालबुंद झाली होती, कपाळावर घामाचे थेंब होते.

"काटा खोटं बोलतो का मग?"

"बोलतही असेल," नवरा मध्ये पडला. त्याला भांडण नको होतं, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. "कधी कधी स्प्रिंग अडकते. उलटं करून बघू. धाकटे, तू उभी राहा. ताई ओढेल. काटा तपासून होईल."

धाकटीनं नाक पुसलं, मनगटाला पट्टा अडकवून घेतला, स्वतःच डोळ्यांवर पट्टी बांधली, भिंतीला पाठ लावली आणि उजवा हात बाजूला धरला. "ये, ओढ," ती ओल्या आवाजात, थोडं हसत म्हणाली. "तू राक्षसीण, मी काय कमी आहे?"

ताईच्या अंगात राग होता. तिनं कडी धरली आणि रागासकट ओढली.

हात लगेच खाली आला. विरोध असा लागलाच नाही. रिकामी बाही ओढावी तसं झालं. काटा जेमतेम हलला होता.

ताई कडी धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोरून चादरी जाऊ लागल्या. धाकटीच्या हातातून सुटणारे कोपरे, वाकून ते उचलणारी धाकटी, सगळ्यांचा हशा. ताईनं तेव्हा आपल्या हाताची ताकद मोजली होती. एवढे महिने सगळ्या घरानं, धाकटीनंसुद्धा, एकाच हाताकडे डोळे लावले होते, आणि तो हात मोजायला दुसरा हात वापरला होता. त्या दुसऱ्या हाताकडे कुणी बघितलंच नव्हतं. ती आईवर गेली होती ना.

तेव्हा ताईच्या मनात सगळ्यात आधी जे उमटलं ते असं: मी नाही. म्हणजे मी नाही. नुसतं एक पातं लवेपर्यंत तिला सुटल्यासारखं वाटलं, छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखं. लगेच त्याची तिला किळस आली. पण ते वाटून गेलं होतं, आणि वाटलेलं परत घेता येत नाही हे तिला कळत होतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो काट्याकडे बघत होता. त्याच्या त्या कोऱ्या तोंडावर आज सगळं लिहिलेलं होतं.

"अगं थांब ना!" पट्टीमागून धाकटी म्हणाली. "मी तयार नव्हते. लबाड! परत."

तिनं हात पुन्हा बाजूला धरला. ताईनं कडी धरली. धरली फक्त. बोटांचं ओझंही कडीवर पडू दिलं नाही.

"ओढतेयस?"

"ओढतेय."

"बघ, पडला का?" धाकटी हसली. गालावर खळी पडली. मग ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि खळी हळूहळू गेली. "ताई, तू ओढत नाहीयेस."

"ओढतेय गं. जीव खाऊन ओढतेय."

"भाऊजी, आकडा सांगा."

या माणसानं जन्मात कधी चुकीचा आकडा सांगितला नव्हता. त्यानं तोंड उघडलं. बायकोकडे बघितलं. ताईनं मान हलवली, नको म्हणून, हात जोडल्यासारखी. त्यानं तोंड मिटलं. बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं, ती पायऱ्यांवर आपटत गेली.

धाकटीनं पट्टीला हात लावला नाही. बाजूला धरलेला हातही तिनं खाली घेतला नाही.

"एवढे दिवस तू मला विचारत होतीस, खरं दाबतेस का म्हणून," ती म्हणाली. "मी खरंच दाबत होते, ताई. आता तूही खरं ओढ. मला कळू दे."

"उद्या दवाखान्यात जाऊ, तिथेच—"

"ओढ."

ताईनं ओढलं. सगळ्या ताकदीनं, रडत, खोट न ठेवता. हात खाली आला. नवऱ्यानं आकडा वाचला, गोदामात वाचतो तसा मोठ्यानं, आणि त्याचा आवाज शेवटी फाटला.

धाकटीनं एकदा मान डोलावली. मनगटाचा पट्टा चाचपडत सोडला आणि डोळे बांधलेलेच ठेवून तिनं डावा हात बाजूला उचलला.

"आता हा," ती म्हणाली.